मुठीत आणलेला अर्थ

मी एक जुना फळा आहे. माझ्या अंगावर एक आडवी चीर आहे, चौकटीचा एक कोपरा पाण्याने कुजला आहे आणि कितीही काळं फासलं तरी अंगावरची राखाडी झाक आता जात नाही. म्हातारपणी चिडचिड वाढते असं म्हणतात. मी तर तरुणपणीही चिडका होतो. तेव्हा मित्रांनो, सांगता सांगता मध्येच कुणावर तिरसटलो तर मनावर घेऊ नका. मला सांगायचं आहे ते एका शब्दाबद्दल आणि त्या शब्दासाठी एका बाईने अर्धा दिवस मिटून धरलेल्या मुठीबद्दल.

माझा जन्म बेल्ह्याच्या एका सुताराच्या पडवीत झाला. सुतारमामा बैलगाड्या आणि नांगर करण्यात वाकबगार होते, पण फळा त्यांनी त्याआधी कधी केला नव्हता. म्हणून त्यांनी मला गाडीइतकंच दणकट केलं. बैलबाजार उरकल्यावर एका टेंपोत दोन कालवडींच्या मध्ये मला उभं केलं आणि मी पिंपरी पेंढार या गावी आलो. वाटेत एका कालवडीने मला चाटून पाहिलं. तिला माझी चव आवडली नाही, मलाही ती आवडली नाही.

आठ वर्षं मी शाळेत काढली. बाराखडी आणि पाढे अंगावर वागवले. दरवर्षी जूनमध्ये मुलं बॅटरीच्या जुन्या सेलमधली काळी पूड पाल्याच्या रसात कालवून मला फासायची, तेव्हा मी नवऱ्या मुलासारखा नटायचो. मग एकदा स्नेहसंमेलनात मला स्टेजच्या फळकुटाऐवजी खाली घातलं आणि माझ्यावर लेझीम खेळली गेली. ही चीर तेव्हाची. पुढे शाळेत भिंतीवरच सिमेंटचे फळे झाले आणि मला व्हरांड्यात तोंड भिंतीकडे करून ठेवलं. शिक्षा झालेल्या मुलाला ठेवतात तसं. माझा गुन्हा काय होता ते मला आजही कळलेलं नाही.

तिथून मला सोडवलं ते भागुजींनी. साल होतं १९९४.

भागुजी आमच्या गावच्या दूध संस्थेत दुधातलं फॅट मोजायचे; त्यावरच दुधाचा भाव ठरायचा. विहाराशेजारी त्यांचं घर. उंच, किडकिडीत माणूस, शर्टाच्या खिशाला कायम दोन पेनं. नववीत शाळा सुटली होती, पण इंग्रजीची ओढ सुटली नव्हती. जुन्नरच्या बाजारात रद्दीवाल्याकडून त्यांनी एक जाडजूड इंग्रजी-मराठी शब्दकोश मिळवला होता. तो ते खाकी कागदात गुंडाळून ठेवायचे आणि कुणाच्याही हातात द्यायचे नाहीत. संस्था अगदी हमरस्त्याला लागून. सकाळ-संध्याकाळ अर्धं गाव किटल्या घेऊन तिथे येणार. रांगेत उभं राहून लोक नुसती एकमेकांची उणीदुणी काढतात हे भागुजींना बघवेना. त्यांनी मला डेअरीच्या भिंतीला टांगलं. वरच्या पट्टीवर लसीकरणाची, पाणी सुटण्याची सूचना आणि खाली रोज एक इंग्रजी शब्द.

पण नियम त्यांचा होता. सकाळच्या दुधाला नुसता शब्द लिहायचा, खाली मराठीत त्याचा उच्चार. दिवसभर लोकांनी डोकं खाजवायचं. संध्याकाळच्या दुधाला अर्थ लिहायचा. आणि दुसऱ्या दिवशी तो शब्द भागुजी स्वतः पुसायचे नाहीत. रांगेतल्या ज्याला तो शब्द आपल्या घरात, शेतात कुठे बसतो ते सांगता येईल, त्याच्याच हातात डस्टर. कुणाला सांगता आलं नाही तर शब्द तसाच राहायचा. ‘गॉसमर’ हा शब्द माझ्या अंगावर अकरा दिवस होता. अर्थ होता कोळ्याचा हवेत तरंगणारा बारीक तंतू. शेवटी रांगेतली कोंडाबाई म्हणाली, “आमच्या म्हातारीची नजर गेलीया, तिला सगळं जग गॉसमरातून दिसतं.” भागुजींनी उभं राहून तिच्या हातात डस्टर दिलं.

मित्रांनो, त्या दिवसांत गावाला जे इंग्रजी येत होतं ते तुम्हाला कुठल्या शाळेत मिळणार नाही. ‘ड्रूल’ म्हणजे लाळ गाळणे, हा शब्द बेल्ह्याच्या बाजारात आमच्या गावच्या लोकांनी खोंड बघताना सर्रास वापरला. ‘हायबरनेट’ म्हणजे थंडीभर झोपून राहणे, हे कळल्यावर झुंबरबाईंच्या जावयाला दुसरं नाव लागलं ते लागलंच. आणि ‘क्विबल’ म्हणजे बारीकसारीक कारणावरून हुज्जत घालणे. हौशीराम रोज फॅटवरून हुज्जत घालायचा. त्याने तोंड उघडायच्या आत रांगेतून कुणीतरी म्हणायचं, “हौशीराम, क्विबल करू नगं राव.” सोपे शब्दही असायचे. ‘डस्ट’, ‘ड्रेन’, ‘इअर’, ‘फीवर’. ते एका दिवसात पुसले जायचे.

एक गोष्ट मात्र कुणाच्या लक्षात आली नव्हती, ती माझ्या आली होती. मला दुसरं काम तरी काय होतं? पाच वर्षांत माझ्यावर ए, बी किंवा सी या अक्षरांनी सुरू होणारा एकही शब्द लिहिला गेला नव्हता. एकदा कुणीतरी ‘अॅसिड’चा अर्थ विचारला तेव्हा भागुजी घाईने म्हणाले, “ते ए, बी, सी शाळेतल्या पोरांचं काम हाये. आपुन पुढलं बघायचं.” आणि खाली मान घालून दुधाच्या बाटल्या हलवत बसले.

आता साळुबाईंबद्दल सांगतो. सावळेरामाची बायको. चाळिशीच्या आतबाहेरची, बोलायला कमी, चालायला झपाट्याची. चौथीपर्यंत शिकलेली. रांगेत ती कधी उत्तर द्यायची नाही, पण रोज भागुजींचं एक पेन मागून शब्द आणि अर्थ डाव्या तळहातावर लिहून घ्यायची. घरी गेल्यावर भाकरी थापायच्या आधी तो वहीत उतरवायची, कारण पीठ लागलं की शब्द गेला. एकदा तिने विचारलं, “भाऊ, एवढ्या मोठ्या पुस्तकात तुमाला शब्द घावतो कसा?” भागुजी खूष झाले. माझ्या कोपऱ्यात त्यांनी सव्वीस अक्षरं ओळीने लिहिली आणि पहिलं अक्षर, मग दुसरं, मग तिसरं असा शोध कसा घ्यायचा ते तिला शिकवलं. ती अक्षरं पुसू नयेत असा हुकूम निघाला. पुढे कित्येक महिने ती माझ्या कोपऱ्यात होती.

१९९९चा मे महिना. शुक्रवारची संध्याकाळ. रांग संपली होती. साळुबाई किटली विसळण्याच्या निमित्ताने मागे राहिली आणि लुगड्याच्या ओच्यातून तिने एक घडी घातलेला कागद काढला.

“भाऊ, हे वाचता का? घरी कुणाला ठावं न्हाई.”

तिच्या काखेजवळ गाठ आली होती. नारायणगावच्या दवाखान्यात तिने ती एकटीने जाऊन दाखवली होती. घरी मात्र बहिणीला भेटून येते असं सांगितलं होतं. गाठीतला तुकडा पुण्याला तपासायला गेला आणि आज त्याचा कागद हातात आला. पण पुण्याहून येणारे डॉक्टर फक्त मंगळवारी बसायचे. आणि कागद सगळा इंग्रजीत. तिने वाटेत तो स्वतः वाचायचा प्रयत्न केला होता. शेवटच्या ओळीत दोन शब्द ठळक टाइप केलेले होते, त्यातला दुसरा तिला येत होता. दोन वर्षांपूर्वी तो माझ्यावर लिहिला होता. ट्यूमर.

त्या काळी टीव्हीवरच्या हिंदी मालिकांत ज्याला ट्यूमर होई तो दहाव्या भागात मरे. सगळ्या गावाला ते माहीत होतं.

“ह्यो मागला शब्द काय सांगतोय, भाऊ? बी, ई, एन, आय, जी, एन. बेनिग्न.”

भागुजींनी कागद हातात घेतला, चष्मा पुसला, पुन्हा घातला. म्हणाले, “बघून सांगतो. उद्या सकाळी.”

“वाईट असंल तरी सांगा. लपवू नगा.”

“सांगतो म्हनलं ना.”

ती गेल्यावर ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले. मला वाटलं, हा माणूस आता काहीतरी गोड बोलून वेळ मारून नेणार. तोंडी सांगणं काय अवघड होतं? काही विशेष नाही, साळुबाई, औषधाने जाईल, असं म्हटलं असतं तर तिने विश्वास ठेवला असता. पण मित्रांनो, भागुजींनी माझ्यावर कधी खोटं लिहिलं नव्हतं, आणि साळुबाईचा विश्वास माझ्यावर लिहिलेल्यावर होता.

शनिवारी सकाळी त्यांनी तो शब्द मोठ्या अक्षरांत माझ्यावर लिहिला. खाली ‘बेनिग्न’ असा उच्चार. नेहमीप्रमाणे रांग लागली आणि नेहमीप्रमाणे तर्क सुरू झाले.

“म्हशीचं कायतरी दुखणं आसंल,” हौशीराम म्हणाला.

“न्हाय, खताचं नाव वाटतंय,” कुणीतरी म्हणालं.

“बेनिग्न म्हंजे इंग्रजी बेसन,” कोंडाबाई म्हणाली, आणि सगळी रांग हसली.

साळुबाई रांगेत सातवी होती. तीही थोडी हसली. तिच्याच मरणाचा की जगण्याचा शब्द माझ्या छातीवर होता आणि त्यावर लोक बेसनाचे विनोद करत होते. कुणाचीच चूक नव्हती, कुणाला माहीतच नव्हतं. मी लाकडाचा असूनही मला ते सोसवलं नाही. त्या दिवशी मला वाटलं, कुणीतरी मला उलटं फिरवावं.

तिचा नंबर आला तेव्हा भागुजींनी दूध मापलं आणि मान वर न करता हळू आवाजात म्हणाले, “साळुबाई, माज्या पुस्तकात तो शब्द न्हाई.”

“एवढ्या मोठ्या पुस्तकात न्हाई?”

“माज्या पुस्तकाला ए, बी, सी न्हाईच. रद्दीतनं आणलं तवाच घुशीनं खाल्लेलं व्हतं. डी पासून सुरू व्हतं. पाच वर्सं मी कुनाला सांगितलं न्हाई. लाज वाटायची. रांगेत कुनाला येत आसंल म्हनून आज फळ्यावर लिवला.”

साळुबाई रागावेल असं मला वाटलं. ती म्हणाली, “मग ए, बी, सी कुठं मिळंल?”

“शाळेला सुट्टी हाये, गुरुजी गावी गेल्यात. जुन्नरच्या वाचनालयात आख्खं पुस्तक हाये. मी जातो दुपारच्या गाडीनं.”

“तुमी गेल्यावर संध्याकाळचं दूध कोन बघनार?” ती म्हणाली. “अन् शोधायचं कसं ते तुमीच शिकवलंय की मला. पेन तेवढं द्या.”

नऊच्या एसटीने ती गेली. माझ्यासमोरच गाडी थांबली, म्हणून मी तिला चढताना पाहिलं. त्यानंतरचं मी पाहिलेलं नाही, तिने भागुजींना सांगितलं ते ऐकलं आहे, आणि तसंच तुम्हाला सांगतो.

वाचनालयातल्या गृहस्थांनी आधी तिच्या हातातली पिशवी पाहिली, मग अनवाणी पाय पाहिले. म्हणाले, सभासद आहात का? ती म्हणाली, “न्हाई. मला फकस्त एक शब्द बघायचाय.” त्यांनी विचारलं, मी बघून देऊ का? ती नको म्हणाली. दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं तर वाटेत शंका येईल, असं तिला वाटलं. त्यांनी मग कपाटातून शब्दकोश काढून टेबलावर ठेवला आणि पंख्याचं बटण दाबलं. तिने बी काढलं. मग बी-ई. मग एन. बोट ठेवून एकेक ओळ उतरत गेली. शब्द सापडला तेव्हा तिने आधी अर्थावर हात ठेवला. तसाच थोडा वेळ ठेवला. मग काढला.

संध्याकाळी पाचच्या गाडीतून ती उतरली. उतरताना एका हातात पिशवी, दुसऱ्या हाताची मूठ घट्ट मिटलेली. दांडी धरता येईना, तर कंडक्टरने खांद्याला धरून उतरवलं. रांग तेव्हा नुकतीच लागत होती. ती सरळ माझ्याकडे आली.

भागुजी उभे राहिले. हातातली बाटली तशीच.

साळुबाईने मूठ उघडली. मेच्या उन्हातल्या घामाने तळहात ओला झाला होता, पण अक्षरं वाचता येत होती. जुन्नरपासून तिने ती मूठ एकदाही उघडली नव्हती. तहान लागली तरी पाणी एका हाताने प्यायली होती. तिने माझ्या कडेचा खडू उचलला आणि त्या शब्दाखाली, सगळ्या रांगेदेखत, स्वतःच्या हाताने लिहिलं: ‘निरुपद्रवी. जिवाला धोका नसलेली (गाठ).’ आणि ‘बेनिग्न’वर काट मारून पुस्तकात दिलेला खरा उच्चार, ‘बिनाइन’.

माझ्यावर लिहिणारी ती गावातली पहिली बाई. अक्षर तिरकं होतं, ‘गाठ’मधला ठ वरच्या ओळीला भिडला होता. माझ्यावर इतकं चांगलं अक्षर कुणी काढलेलं नाही असं मी आजही म्हणेन.

“हा शब्द बसतो कुठं ते सांगा मग,” हौशीराम म्हणाला. त्याला काय माहीत?

“बसतो एका ठिकाणी,” साळुबाई म्हणाली. “पन पुसू नगा आज. राहू द्या.”

भागुजींनी मान फिरवून डोळे पुसले आणि दुधाचा वास डोळ्यांत गेला असं काहीतरी पुटपुटले. असा वास डोळ्यांत जात नाही, हे रांगेत सगळ्यांनाच माहीत होतं.

मंगळवारी डॉक्टरांनीही तेच सांगितलं. पुढे ती गाठ काढली आणि साळुबाई पंधरा दिवसांनी पुन्हा किटली घेऊन रांगेत आली. पण त्याआधी रविवारी सकाळी आणखी एक गोष्ट घडली. भागुजींनी माझी वरची पट्टी पुसून तिथे ठळक अक्षरांत लिहिलं: ‘माझ्या शब्दकोशात ए, बी, सी ही पाने नाहीत. हे मी लपवून ठेवले होते. कुणाकडे असल्यास कळवावे. – भागुजी.’

मला वाटलं आता गाव याची टिंगल करणार. हौशीरामने दोनदा वाचलं आणि म्हणाला, “म्हंजे आमी पाच वर्सं डी पासूनच हुशार झालो व्हय?” लोक हसले, भागुजीही हसले, आणि विषय संपला. ज्या गोष्टीची त्यांनी पाच वर्षं लाज बाळगली होती ती एका रांगेपुरतीही टिकली नाही.

आणि साळुबाईने काय केलं? ती दर आठवड्याला जुन्नरला बाजाराला जायची, ती आता वाचनालयातही जाऊ लागली. दोनशे पानी वही आणि पेन. ए पासून सुरुवात. सगळे शब्द नाही, तिला उपयोगी वाटतील तेवढे. ‘अॅबसेंट’, ‘अँकल’ (घोटा), ‘अँटिडोट’, ‘बार्ली’, ‘बिलेटेड’, ‘काल्फ’. काल्फ म्हणजे वासरू; त्याला तिने नंतर बरोबर करून ‘काफ’ लिहिलं. तीन वर्षं लागली. २००२च्या दिवाळीत तिने ती वही भागुजींच्या हातात दिली. त्यांनी दाभण आणि सुतळी घेऊन ती शब्दकोशाच्या पुढच्या बाजूला शिवली. त्या दिवसापासून माझ्यावर ए, बी, सी लिहिलं जाऊ लागलं.

त्यानंतरचं फार सांगण्यासारखं नाही. डेअरीत फॅट मोजायचं इलेक्ट्रॉनिक मशीन आलं. त्याच्यावर आकडा आपोआप उमटायचा, हुज्जतीला जागा राहिली नाही. भागुजी निवृत्त झाले. मग माझ्या जागी एक रंगीत फ्लेक्स लागला. त्यावर हसणाऱ्या म्हशीचं चित्र होतं. हसणारी म्हैस मी आजवर पाहिलेली नाही, पण असो. मला मागच्या हौदावर झाकण म्हणून टाकलं. पाच पावसाळे मी पालथा पडून होतो. चौकट तिथे कुजली. कुजण्याचं मला एवढं वाईट वाटलं नाही, वाईट याचं वाटलं की आता रांगेत लोक पुन्हा नुसती एकमेकांची उणीदुणी काढत उभे राहत होते.

२००९ मध्ये भागुजी गेले. त्यांची मुलगी ज्योत्स्ना घोडेगावला नर्स आहे. दिवसकार्य झाल्यावर ती शब्दकोश घेऊन साळुबाईंकडे गेली. म्हणाली, “मावशी, दादा सांगून गेलेत, हा तुमचा अर्धा हाये, मग सगळाच तुमी ठेवा.” साळुबाई तेव्हा आजी झाल्या होत्या. त्यांनी शब्दकोश घेतला आणि त्याच संध्याकाळी डेअरीच्या मागे येऊन माणसं लावून मला हौदावरून उचलून नेलं. मला धुतलं, वाळवलं आणि आपल्या ओट्यावर भिंतीला टेकवून ठेवलं.

मग माझ्यासमोर बसून त्यांनी शब्दकोश उघडला. स्वतःची वही, स्वतःचं तिरकं अक्षर. पानं उलटत बी पर्यंत आल्या. ‘बिनाइन’ या शब्दाशेजारी लाल पेनाने बरोबरची खूण केलेली होती आणि समासात भागुजींच्या बारीक अक्षरात एक ओळ होती: ‘हा अर्थ मला येत नव्हता. साळुबाईंनी शिकवला.’

मित्रांनो, गाठीच्या वेळी त्या रडल्या नव्हत्या. कागद दाखवताना नाही, रांगेत लोक हसले तेव्हा नाही, जुन्नरहून आल्यावरही नाही. त्या दिवशी रडल्या. नात आरोही शेजारी बसून आजीला काय झालं म्हणून बघत होती. मग साळुबाईंनी तिला सगळं सांगितलं, तेव्हाच मीही तोंड उघडायचं ठरवलं. तोवर हे गुपित माझ्याजवळ होतं.

आता आरोही रोज माझ्यावर एक शब्द लिहिते. संध्याकाळी शेजारपाजारच्या बायका ओट्यावर येतात. नियम जुनाच आहे. वरच्या कोपऱ्यात मात्र एक शब्द कायम असतो आणि तो कुणी पुसत नाही. तो कुठे बसतो हे त्या घरात सगळ्यांना माहीत आहे.

तुमच्या शाळेत, देवळात, डेअरीत असा एखादा जुना फळा तोंड फिरवून ठेवलेला असेल तर त्याला सरळ करा. थोडं काळं फासा, एक खडू ठेवा. आणि एखादा शब्द आला नाही तर आला नाही म्हणा. भागुजींना ते म्हणायला पाच वर्षं लागली. तुम्ही एवढा उशीर करू नका, कारण तुमच्या रांगेतही कुणीतरी कागदाची घडी ओच्यात धरून उभं असेल.